चित्रपट, पत्रकारिता आणि राहून गेलेली बाराखडी

बर्मिंगहॅमहून एका ताईंचे सविस्तर पत्र आले आहे. माहेर इंदूरचे, रामबागेतले. मुलगी सतरा वर्षांची असून तिला विद्यापीठात चित्रपट आणि पत्रकारिता हे दोन्ही विषय एकत्र घेऊन पदवी करायची आहे. ताई लिहितात, "दोन विषयांची पदवी म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या, असे तिच्या बाबांचे मत आहे. नोकरी कोण देणार, हा प्रश्न आहेच. इंदूरचे आजोबा म्हणतात, सिनेमाच शिकायचा तर पुण्याला जा. बाकी मुलगी हुशार आहे. मराठी सगळे समजते, फक्त वाचता-लिहिता येत नाही. पण आता त्याची तशी गरजही उरलेली नाही."

ताई, तुमच्या तिन्ही काळज्या मला समजतात. परदेशात वाढलेल्या मुलांच्या प्रत्येक आईबापाने त्या केलेल्या आहेत. मला मात्र खटकले ते तुमचे शेवटचे वाक्य, जे तुम्ही काळजी म्हणून लिहिलेलेच नाही. त्याकडे मी येणारच आहे, पण आधी तिच्या बाबांचे समाधान करते.

ब्रिटनमधल्या जॉइंट ऑनर्स, म्हणजे जोडविषयांच्या पदवीत क्रेडिट (अभ्यासाचे भारांक) दोन विषयांत साधारण निम्मे-निम्मे वाटलेले असतात. इंग्लंडमध्ये तीन वर्षांचे ३६०, स्कॉटलंडमध्ये चार वर्षांचे ४८०. तेव्हा चिंध्या होतात की वस्त्र, हे पदवीच्या नावावरून ठरत नाही, आत काय शिकवतात ते पाहावे लागते. 'फिल्म स्टडीज' या नावाखाली पुष्कळ ठिकाणी चित्रपट पाहणे, त्यांचा इतिहास शिकणे आणि निबंध लिहिणे हेच मुख्य असते आणि कॅमेरा फारसा हाती येत नाही. पत्रकारितेच्या बाजूने एनसीटीजेची, म्हणजे पत्रकारांच्या प्रशिक्षणाचे काम पाहणाऱ्या ब्रिटिश संस्थेची, मान्यता आहे का, हे अवश्य विचारा. या संस्थेच्या पदविकेत माध्यमविषयक कायदा असतो, आणि मिनिटाला १०० शब्दांचे लघुलेखन हा तिथला नावाजलेला निकष आहे. नोकरीच्या वेळी अशी ठोस कौशल्ये दाखवता येतात. एवढे पाहून घेतले की बाबांनी निर्धास्त व्हावे.

आता बाराखडीकडे येते. ज्या मुलीला लोकांच्या गोष्टी शोधून, पडताळून पडद्यावर मांडायच्या आहेत, तिच्याजवळ वर्गातल्या इतरांपेक्षा वेगळे काय असणार आहे? कॅमेरा आणि संकलनाचे सॉफ्टवेअर प्रत्येकाला मिळते. इंदूरचे घर, मावश्या, जुने वाडे आणि दोन भाषा मात्र तिच्याच वाट्याला आलेल्या आहेत, आणि त्याच तुम्ही "गरज नाही" म्हणून बाजूला ठेवता आहात. आपण इंदूरकरांनी तरी हे म्हणू नये. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, यातच आपण वाढलो. ज्या 'नईदुनिया' या हिंदी दैनिकाचा अंक तुमच्या माहेरी सकाळी पडत असेल, त्याचे दीर्घकाळ संपादक असलेले राहुल बारपुते मराठीभाषक होते. कुमार गंधर्व, चित्रकार विष्णू चिंचाळकर आणि रंगकर्मी बाबा डिके हे त्यांचे स्नेही. बातमी, चित्र, नाटक आणि गाणे एकाच बैठकीत नांदत असलेले या शहराने पाहिले आहे. तिथल्या नातीने दोन विषय एकत्र मागितले, तर त्यात नवल ते काय?

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचेच सांगते. तीही इंग्लंडमध्ये वाढली, तिनेही हेच दोन विषय घेतले, आणि अभ्यासक्रमासाठी इंदूरच्या एका जुन्या छापखान्यावर माहितीपट केला. तिथले वयस्क मालक खिळे जुळवताना बोलत होते: छापखाना वडिलांनी स्वातंत्र्यानंतर दहा-बारा वर्षांनी काढला. मागे भिंतीवर एक पिवळी पडलेली लग्नपत्रिका चौकटीत लावलेली होती आणि तिच्या तळाशी छापखान्याचे नाव होते. पोरीने त्यावर कॅमेरा छान स्थिर केला, निवेदनात मालकांचे म्हणणे जसेच्या तसे घेतले आणि काम संपले असे समजली. बहिणीने ते पाहिले मात्र, आणि तिने चित्र थांबवायला सांगितले, कारण पत्रिकेवर साल होते १९४९. भाचीला तो ४ इंग्रजी आठासारखा दिसला होता. पत्रिका १९८९ची असेल असे समजून तिने सोडून दिले होते. मालकांना फोन केल्यावर उलगडले की आधी थोरल्या काकांनी भाड्याच्या यंत्रावर काम सुरू केले होते आणि पुढे भावाभावांत बिनसल्यावर वडिलांनी छापखाना आपल्या नावावर केला. माहितीपटाचा खरा विषय तोच होता, आणि तो तिच्या स्वतःच्या चित्रणात सगळा वेळ समोर दिसत होता.

आणि हे काम शाळा करून देईल या भरवशावर राहू नका. जीसीएसईला, म्हणजे तिथल्या सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेला, गुजराती, पंजाबी, उर्दू, बंगाली घेता येते, मराठी नाही. ते घरीच करावे लागते आणि ते अवघडही नाही, कारण एका लिपीत तुमच्या मुलीच्या पदरात मराठी आणि हिंदी अशा दोन भाषा पडतात. येत्या सुटीत तिला इंदूरला धाडा. मात्र तिला सराफ्यात खाऊ घालून परत बोलावू नका. दुकानांच्या पाट्या वाचू द्या, हिंदी वर्तमानपत्रातली एक बातमी रोज मोठ्याने वाचून घ्या, घरातली जुनी पत्रे तिच्यासमोर काढा. ती कंटाळेल, चिडेलही. आपण नाही का परक्या देशात चिडत-चिडत सगळे शिकलो?

आजोबांना एवढेच कळवा की १९६० साली प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत सुरू झालेल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन, छायालेखन, संकलन अशा अभ्यासक्रमांना पदवी लागते. म्हणजे आजची ही पदवी तो रस्ता बंद करत नाही.

अर्जाबाबत एक गोष्ट. यूकॅस या ब्रिटनमधल्या विद्यापीठप्रवेशाच्या सामाईक यंत्रणेतून पाच ठिकाणी अर्ज करता येतो, पण स्वतःविषयीचे निवेदन पाचही ठिकाणी एकच जाते. त्यामुळे दोन ठिकाणी नुसता चित्रपट आणि तीन ठिकाणी जोडविषय अशी सरमिसळ करू नका. जानेवारीच्या मुदतीआधी मुलीने विद्यापीठांना कॅमेऱ्याविषयी आणि मान्यतेविषयी स्वतः पत्र लिहून विचारावे. तिच्या बाबांनी नव्हे.