चाळीस वर्षांची कागदं आणि दारातला कबाडीवाला

ताई, नंदनवनच्या घरी सासऱ्यांच्या दोन कपाटांतून ४० वर्षांची कागदं निघाली, कबाडीवाला किलोचा भाव सांगून गेला, आणि तुमचे मिस्टर म्हणून राहिले की अंगणात पेटवून मोकळे होऊ. तुम्ही विचारलं, दोन्हीपैकी काय बरं? दोन्ही नको. मी ३१ वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढली आहेत आणि पेटवण्याचा पराक्रम स्वतः करून चुकलो आहे.

बाबा गेले त्या उन्हाळ्यात त्यांची पासबुकं आणि चेकबुकं मी टिनाच्या घमेल्यात टाकून पेटवली. गठ्ठा जळत नाही, बाप्पा! बाहेरची पानं काळी होतात, आत हवा शिरत नाही, मधली पानं कोरी करकरीत राहतात. त्यात आपल्याकडचं मे महिन्यातलं वारं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू एक पान घेऊन आल्या. कडा जळलेल्या, मधोमध खातेक्रमांक, खाली बाबांची लफ्फेदार सही. काकूंच्या हाती लागलं म्हणून ठीक. शिवाय उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, असा हरित लवादाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आहे.

कबाडीवाल्यावर माझा काही राग नाही. तो वाचत नाही, तोलतो. पण त्याच्या ठेल्यावरून गठ्ठा कोणाच्या हाती जाईल, हे त्यालाही सांगता येत नाही. वर्तमानपत्रं, मासिकं, पोरांच्या वह्या त्याला खुशाल द्या.

आता खरी गोष्ट. असल्या कामात लोक चोराच्या भीतीनं घाई करतात आणि घाईत स्वतःचंच नुकसान करून घेतात. फाडण्याआधी एकेक कागद हातात घ्या. आखीव पत्रिका (म्हणजे प्रॉपर्टी कार्ड), खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), एनआयटीचं म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं आरएल लेटर (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) आणि त्याचे पैसे भरायची डिमांड नोट, नझूलच्या म्हणजे सरकारी जमिनीच्या पट्ट्याची कागदं, मनपाच्या कर पावत्या. यातलं काही पिवळं पडून चुरगळलेलं असेल तरी ते टाकायचं नाही. घराच्या बांधकामाची बिलंही ठेवा. घर विकायची वेळ आली की नफ्यावरचा कर काढताना ती कामी येऊ शकतात.

आणि जातीचे पुरावे! आजे-सासऱ्यांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, जुनं खरेदीखत. घरातलं पोरगं जात पडताळणीला गेलं की अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे पुरावे लागतात. माझ्या ओळखीच्या एका घरात असा दाखला दिवाळीच्या सफाईत रद्दीत गेला. नंतर गावच्या शाळेत किती खेटे घातले, ते त्यांनाच माहीत.

जुनी पासबुकं आणि एफडीच्या पावत्याही फाडायच्या आधी तपासा. १० वर्षं कोणी हात न लावलेली ठेव बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीत वळती करते, पण ती बुडत नाही. वारस नंतरही मागू शकतात. त्यासाठी रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये उद्गम नावाचं पोर्टल सुरू केलं. तिथे सासऱ्यांचं नाव टाकून पाहा, अर्ध्या तासाचं काम आहे. शेअरची कागदी सर्टिफिकेटंही अशीच बाजूला काढा. सासऱ्यांचं पॅन आणि आधार वारसाचं सगळं आटोपेपर्यंत राहू द्या. इन्कम टॅक्सचे रिटर्न आणि त्यांचे पुरावे मी स्वतः आठ वर्षं ठेवतो, मग काढतो.

एवढं बाजूला काढलं की उरलेला ढीग निम्म्यावर येईल. त्यात सर्वांत धोक्याचं काय? सही आणि आधारची झेरॉक्स. खातेक्रमांकानं एकट्यानं फारसं होत नाही. सही, जन्मतारीख आणि फोटो एका जागी मिळाले की तुमच्या नावावर भलतंच काही होऊ शकते, पूर्वी सिमसुद्धा अशीच निघायची. सध्या तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसते, लगे हात तेही पाहून घ्या. कोरा स्टॅम्प पेपर सापडला तर तो आधी नष्ट करा. त्यावर मागच्या तारखेचा खोटा करार लिहिता येतो, वकिलाला विचारा, तो हसेल.

नष्ट करायला माझी पद्धत आईची आहे. आई उन्हाळ्यात कागद भिजवून, कुटून, त्यात मेथ्या वाटून घालून टोपले करायची. तेच करा. तुमच्याकडे जुना कूलर असेलच. त्याच्या टाकीत तळहाताएवढे तुकडे करून टाका, वर गरम पाणी, दोन-तीन दिवस झाकून ठेवा. पण नुसतं भिजवून भागत नाही, इथेच लोक फसतात. जेल पेनची शाई कधी पसरते, कधी नाही, बॉलपेनची बरीचशी टिकते, आणि लेझर प्रिंटरची शाई म्हणजे प्लास्टिकची पूड, ती पाण्याला दादच देत नाही. ओला तुकडा उचलून पाहिला तर अक्षरं जशीच्या तशी. म्हणून घोटायचं. लाकडी मुसळानं, नाहीतर जुन्या रवीनं, इतकं की मुठीत लगदा घेतला तर एकही अक्षर सापडू नये. माझ्या नातवाला हे काम भारी आवडते.

श्रेडर घ्यायचा म्हणाल तर फक्त लांब पट्ट्या कापणारा घेऊ नका, त्या जुळवता येतात. आडवंही कापणारा घ्या. पी-४ दर्जाचा असेल तर तुकडा १६० चौरस मिलिमीटरच्या आत राहतो. घरगुती मशीन काही मिनिटांत तापते, ४० वर्षांचा ढीग त्याच्या बसकी बात नाही. थोड्या कागदांना कात्री पुरते: चेकवर आधी सही कापा, मग तळाची चुंबकीय शाईची पट्टी तीन ठिकाणी. एटीएम कार्डाची चिप आणि मागची काळी पट्टी, दोन्हींवर कात्री चालवा.

लॅमिनेट केलेली कागदं लगद्यात घालू नका, ती मुरत नाहीत, आणि एटीएमच्या स्लिपाही नको, त्यांच्यावर रसायनाचा थर असतो. त्यांचे बारीक तुकडे करून दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी कचरागाडीत टाका. एक्स-रेच्या फिल्मवरचं नाव आणि नंबर कापल्याशिवाय फिल्म कोणालाही देऊ नका. ऑपरेशनची डिस्चार्ज समरी मात्र जपा.

टाचण्या आणि स्टेपल आधीच काढा, नाहीतर घोटताना हात फाटतात. लगद्याचे गोळे गच्चीवर मे महिन्यात दोन दिवसांत खडखडीत वाळतात. पावसाळ्यात हे काम काढू नका, आठवडाभर घरभर वास मारते.