डिस्चार्जनंतर घरची गोळी की हॉस्पिटलची?

प्रश्न: बाबा ७८ वर्षांचे, न्यूमोनियासाठी ॲडमिट होते, काल घरी आणलं. पिशवीत टेल्मिकाइंड ४० आलीय आणि घरी आधीची टेल्मा ४० आहेच, दोन्ही द्यायच्या का?

उत्तर: नाही हो, दोन्ही एकत्र नको! नावं वेगळी पण आत बीपीचं एकच औषध, टेल्मिसार्टन, स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात बघा, डबल डोस गेला तर बीपी खाली येऊन रात्री बाथरूमला उठताना चक्कर आणि मग खुब्याचं हाड मोडायचं. गोळ्यांचा जुना डबा नि डिस्चार्ज कार्ड समोर ठेवून डॉक्टरांना आजच फोन लावा, कुठली ठेवायची ते विचारा. पॅन्टोप्राझोलचंही (ॲसिडिटीची गोळी) विचारा, हॉस्पिटलात सुरू होते आणि बंद करायचं कुणाच्या लक्षातच राहत नाही. आणि हो, जुनी स्ट्रिप बाबांच्या उशाखाली नाहीये ना बघा, ही मंडळी गुपचूप घेतात.