खोगिराने लागलेली घोड्याची पाठ : उपचार आणि काळजी

प्रश्न : पाचगणी येथील एका अश्वपालकांनी कळवले आहे की, टेबललँडवर पर्यटकांना फिरवणाऱ्या त्यांच्या घोडीच्या पाठीवर, मान संपते तेथील उंचवट्याच्या डाव्या अंगाला रुपयाएवढी जखम झाली असून, मलम लावून खपली धरली तरी आठ-दहा दिवसांत ती पुन्हा उघडते. माण तालुक्यातील एका मेंढपाळ बांधवांनी बिऱ्हाड वाहणाऱ्या तट्टाच्या पाठीवरील सुजेविषयी जवळपास हेच विचारले आहे.

उत्तर : खपली धरून पुन्हा उघडणारी जखम पाठीवर दिसत असली, तरी तिचे मूळ खोगिरात असते. खोगिराचा दाब एकाच जागी सतत पडला की तेथील कातडीचा रक्तपुरवठा तुटतो, त्यात घाम आणि घर्षण यांची भर पडते आणि कातडी आतून मरू लागते. म्हणून जोपर्यंत खोगीर दुरुस्त होत नाही आणि घोडीला पूर्ण विश्रांती मिळत नाही, तोपर्यंत कितीही चांगले मलम लावले तरी उपयोग होणार नाही. हंगामाच्या दिवसांत जनावर उभे ठेवणे किती जड जाते याची आम्हाला जाणीव आहे, तरीही यावर दुसरा मार्ग नाही.

प्रथम खोगीर उलटे करून खालच्या बाजूवरून आणि नमद्यावरून (खोगिराखाली घालायच्या जाड लोकरी घडीवरून) तळहात दाबून फिरवावा. टेबललँडची तांबडी जांभ्याची धूळ घामात मिसळून वाळली की नमद्यावर खरखरीत पापडी धरते. तपासणीला आलेल्या अशा एका नमद्यावर बोटाला जो कडक गोळा लागला, तो बरोबर घोड्याच्या जखमेच्या जागी बसत होता. खोगिराच्या आतली भरती एका बाजूला दबून गोळा झाली असेल, तर ती काढून सारखी भरून घ्यावी. खोगीर अरुंद असताना खाली आणखी एक गोधडी घालण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्याने दाब कमी न होता वाढतो. स्वार बसलेला असतानाही खोगिराची पुढची कमान आणि पाठीचा उंचवटा यांच्यामध्ये दोन ते तीन बोटे शिरली पाहिजेत आणि मागून वाकून पाहिल्यास कण्याच्या रेषेवर आरपार उजेड दिसला पाहिजे.

फेरी संपल्यावर खोगीर उतरवून घामाचा ठसा पाहावा. सगळी पाठ ओली आणि मध्येच एखादा कोरडा ठिपका असेल, तर बहुधा तेथे दाब जास्त पडतो आहे. त्या जागी पुढे पांढरे केस उगवतात, ती जुन्या दाबाची खूण असते. लांबच्या फेरीनंतर खोगीर लगेच ओढून न काढता तंग (पोटाखालचा पट्टा) सैल करून दहा-पंधरा मिनिटे तसेच राहू द्यावे, म्हणजे दबलेल्या कातडीत रक्त हळूहळू परतते.

मेंढपाळ बांधवांच्या तट्टाला नुसती गरम सूज असेल आणि कातडी फुटलेली नसेल, तर पहिले एक-दोन दिवस दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटे थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. ओझे दोन्ही बाजूंना ताणकाट्यावर तोलून सारखे भरावे आणि भांड्यांच्या कडा किंवा दोराच्या गाठी पाठीकडे येऊ देऊ नयेत. 1965 च्या ओझेवाहू जनावरांविषयीच्या नियमांनुसार तट्टावर 70 किलोपेक्षा जास्त भार लादता येत नाही. जखमी, कामास अयोग्य जनावर कामाला जुंपणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात घ्यावे.

घोडीच्या उघड्या जखमेभोवतीचे केस कातरून घ्यावेत. एक लिटर पाणी उकळून त्यात सुमारे नऊ ग्रॅम मीठ घालावे आणि ते थंड झाल्यावर त्याने जखम धुवावी. नंतर पोव्हिडोन आयोडिन फिक्या चहाच्या रंगाचे होईल इतके पातळ करून लावावे. चुना-तंबाखू, रॉकेल, जळालेले ऑइल किंवा बॅटरीतील काळी पूड यांपैकी काहीही लावू नये, कारण त्याने जिवंत कातडीही जळते. माश्या बसू नयेत म्हणून कडुनिंबाचे किंवा करंजाचे तेल जखमेच्या भोवती लावावे, आत नव्हे.

धनुर्वाताबाबत विशेष सांगायचे आहे, कारण घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. लस टोचलेली नसेल किंवा आठवत नसेल, तर जखम लहान आहे म्हणून थांबू नये. त्याच दिवशी पशुवैद्यकास दाखवावे. चाल ताठर होणे, शेपूट उचलून धरणे, डोळ्यावर आतल्या कोपऱ्यातून पडदा येणे आणि जबडा न उघडणे ही लक्षणे दिसली, तर घोड्याला शांत, अंधाऱ्या जागी ठेवून तातडीने मदत मागवावी. उंचवट्यावरील जखमेतून खोलवरून पू वाहत असेल, तर रबरी हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नये. त्यात कधी ब्रुसेलाचे जंतू असतात आणि ते माणसालाही बाधतात. अशा जखमेवर घरगुती उपाय न करता 1962 या पशुवैद्यकीय मदतीच्या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जनावर न्यावे.

खपली गळली म्हणजे पाठ बरी झाली असे समजून खोगीर चढवले जाते आणि आपल्या घोडीच्या बाबतीत तेच घडत असावे. नवी कातडी पूर्ण भरून त्यावर केस उगवू लागले आणि बोटांनी दाबल्यावर घोडीने पाठ खाली घेतली नाही किंवा कान मागे टाकले नाहीत, तरच काम सुरू करावे. पहिले काही दिवस हलका स्वार आणि लहान फेरी ठेवून, प्रत्येक फेरीनंतर त्या जागेवर हात फिरवून पाहावा.