टायमिंग ‘ॲडव्हान्स’ केल्याने जुन्या बुलेटचा पिकअप खरोखर वाढतो का?

आपला मेकॅनिक पॉइंटची (ज्याच्या उघडण्याने ठिणगी पडते त्या छोट्या स्विचची) प्लेट थोडी फिरवून टायमिंग पुढे घ्यायला, म्हणजे ठिणगी आधी पाडायला सांगतो, ते ऐकावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मुळीच ऐकू नये, आणि त्याला माझा उजवा घोटा साक्षी आहे.

ठिणगी पडताच पेट्रोल-हवेचे मिश्रण एकदम पेटत नाही. ज्योत पसरायला ढोबळमानाने २ मिलिसेकंद लागतात, आणि दाब सर्वाधिक व्हायला हवा तो पिस्टन वरच्या टोकावरून परतल्यानंतर, क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) १० ते १५ अंशांवर. तेवढ्या वेळात क्रँक १००० आरपीएमला १२ अंश फिरतो आणि ३००० ला ३६. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आधी पडावी लागते. (वेगाबरोबर मिश्रणाची घुसळण वाढून ज्वलनही जलद होते, त्यामुळे हे निव्वळ त्रैराशिक नव्हे.) बुलेटमध्ये हे काम पॉइंटच्या मागची दोन वजने करतात. वेगाने ती बाहेर फेकली जाऊन पॉइंट उघडणारा कॅम पुढे सरकवतात आणि वेग उतरला की स्प्रिंग त्यांना मागे ओढतात.

आमच्या थोरल्या बंधूंना हे कधीच मान्य नव्हते. ‘आंबा घाटात गाडी मरते, टायमिंग पुढे घे,’ म्हणत त्यांनी एका रविवारी अंगणात दोन स्क्रू ढिले करून प्लेट फिरवली. किक मारताना इंजिनाला वेग नसतो, वजने मिटलेली असतात. तरीही ठिणगी फार आधी पडली, वर येणारा पिस्टन उलटा ढकलला गेला आणि किकने माझा पाय असा भिरकावला की तीन आठवडे मी लंगडत होतो. गाडी चालू झाल्यावर बंधू विजयी मुद्रेने घाटात गेले. चढावर थ्रॉटल उघडताच इंजिन डब्यात खडे हलवल्यासारखे वाजू लागले, त्याला ते ‘दमदार आवाज’ म्हणत. तो आवाज नॉकिंगचा, म्हणजे ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकण्याचा होता.

आपण प्रथम पॉइंटची गॅप (पूर्ण उघडल्यावर पडणारी फट) ठीक करावी, मग इग्निशन चालू ठेवून इंजिन हाताने सावकाश फिरवावे. ॲमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा) काटा ज्या क्षणी मध्यावर परततो, त्या क्षणी पॉइंट उघडतात. ती जागा मॅन्युअलमधल्या खुणेशी जुळवावी. टायमिंग आधीच मागे पडले असेल, तर पुढे घेतल्याने ताकद येते, हे मान्य. पण ती हरवलेली ताकद परत आलेली असते. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत पॉइंटच नसतात, त्यामुळे त्यांना ही जुळवणी लागू नाही.

बंधू अजूनही त्या दिवशीचा दोष पेट्रोललाच देतात.