मशरूम सॉस पौष्टिक की नुसतंच क्रीम?

प्रश्न: ताई, मुलगा दहावीत आहे, हॉटेलात गेलो की त्याला मशरूम सॉसवालं काहीतरी लागतंच, आता घरी कर म्हणून मागे लागलाय. आम्ही पूर्ण शाकाहारी, त्याचं बी१२ आणि डी दोन्ही कमी आलंय. मशरूमने भरून निघेल का? आणि पास्ता सोडून हा सॉस कशाबरोबर खायचा?
– एक आई, गोरेगाव

उत्तर: आधी बी१२ चं सांगते, मशरूममध्ये ते जवळजवळ नसतंच, तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नका. डी चं मात्र वेगळं आहे, मशरूमवर ऊन पडलं की त्यात डी२ तयार होतं, पण आपल्याला मिळणारे बटन मशरूम बंद खोलीत वाढलेले असतात. म्हणून चिरून अर्धा तास दुपारच्या उन्हात ठेवा, काचेच्या आत नाही हं, काच नेमके ते किरण अडवते, बाहेर ग्रिलमध्ये ठेवा. तरी हे गोळीऐवजी नाही, गोळीच्या जोडीला.

बाकी १०० ग्रॅम कच्च्या मशरूममध्ये जेमतेम २२ कॅलरी, ३ ग्रॅम प्रोटीन, शिवाय पोटॅशियम, सेलेनियम आणि बी२, बी३. एक टेबलस्पून बटर टाकलं की १०० कॅलरी वाढल्याच, त्यावर क्रीम, म्हणून हॉटेलातला सॉस रोज नको.

घरी करताना घाई करू नका. पसरट कढईत चमचाभर तेलात मशरूम मोठ्या आचेवर टाका, आधी भरपूर पाणी सुटेल, ते पूर्ण आटू द्या, खदखद थांबून चर्र आवाज यायला लागला आणि कडा तांबूस झाल्या की मगच लसूण, मिरपूड, मीठ. सगळी चव इथेच येते, क्रीममधून नाही! मग चमचाभर कणीक त्यातच परतून कपभर दूध हळूहळू घाला, ढवळत राहा म्हणजे गुठळ्या होत नाहीत.

पास्ता तर आहेच, पण उकडलेल्या बटाट्यावर, परतलेल्या पनीरवर किंवा कडक भाजलेल्या पावावर घालून बघा, आणि मला स्वतःला गरम ज्वारीच्या भाकरीबरोबर सगळ्यात आवडतो, त्यासाठी थोडा घट्ट ठेवायचा. उरला तर फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो, फ्रीझरमध्ये मात्र नको, दूध फाटल्यासारखं दिसतं. मशरूमचं पाकीट फोडलं की उरलेले कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये आपल्या मुंबईच्या दमट हवेत लगेच चिकट होतात.