कर्ज नको गं, पण तू जेवलीस का?

प्रश्न : माझी आई ७६ वर्षांची, साताऱ्यात एकटी राहते. मी पुण्यात. गणपतीत चार दिवस गेलो होतो, तेव्हा पाहिलं, तिला दिवसभर कर्ज, क्रेडिट कार्ड, प्लॉट असले जाहिरातींचे फोन येतात. आपण 'नको' म्हणून ठेवून देतो. ही ठेवतच नाही! "कर्ज नको गं बाई, पण तुझा आवाज का बसलाय? जेवलीस का?" एका मुलीला तर तिने आमसुलाच्या साराची कृती सांगितली. रेकॉर्ड केलेल्या आवाजालाही "थांब जरा, गॅस बारीक करून येते" म्हणाली. हे बंद कसं करू?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : गॅस बारीक करून आल्यावर त्या आवाजाला आई काय म्हणाल्या, ते लिहिलं नाहीत. मला तेच ऐकायचं होतं.

असो. आधी कामाचं. त्यांच्या मोबाइलवरून १९०९ ला 'स्टार्ट ०' असा एसएमएस करा. शब्द इंग्रजी अक्षरांत. फोन बरेच कमी होतील. जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून यायला हवेत, पण साध्या दहा आकडी नंबरांवरूनही येतात. त्यांची तक्रारही १९०९ लाच. आणि फ्रिजवर ठळक अक्षरांत चिठ्ठी लावा : ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, पोलीस फोनवरून अटक करत नाहीत, पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करायचा. इथे भिडेला जागा नाही. लुबाडणारेसुद्धा "आजी, कशा आहात" असंच सुरू करतात.

आता माझं ऐका. १९८४ साली मी गिरगावातल्या चाळींमधून धुण्याची पावडर विकत फिरायचे. विविध भारतीवर आमच्या पावडरीचं गाणं वाजायचं, तरी दार अर्धंच उघडायचं. चाळीस दारं ठोठावली की तीन-चार पुडे खपायचे. ठाकूरद्वारच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी होत्या. त्यांना धुण्याला वडीच लागायची, पावडर त्यांनी एकदाही घेतली नाही. पण मी दिसले की पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढे यायचा. "चपला काढ, पाय मोकळे कर." त्या चाळीत एवढा वेळ का लागतो, असं साहेब विचारायचे. मी ठोकून द्यायचे, गिऱ्हाईक पक्कं करतेय!

त्यामुळे त्या आवाज बसलेल्या मुलीची बाजू मी घेणारच. तिलाही दिवसाचा आकडा गाठायचा असतो. साराच्या नादात तिचे चार फोन तरी बुडाले असतील, पण तिने फोन ठेवला नाही.

आई कुणाशी काय बोलल्या, ते तुमच्या पत्रातून सगळं कळलं. गणपतीनंतर तुमचं त्यांच्याशी काय बोलणं झालं, तेवढं राहिलं. १९०९ चं काम झालं की त्यांचा फोन दुपारी मोकळाच असेल. तेव्हा साराची कृती विचारून घ्या. आमसुलं किती वेळ भिजवतात, ते मलाही कळवा. माझं सार नेहमी तुरट होतं.