पगार वीस तारखेलाच संपतो
घरखर्च आणि लेकरू : वाचकांचे प्रश्न, सल्लागारांची उत्तरं

प्रश्न : माझे मिस्टर जळगाव एमआयडीसीत चटई कंपनीत आहेत. हातात १७,००० येतात. मुलगी आठ महिन्यांची आहे. घरभाडं ४,०००, किराणा ४,५००, रोज एक लिटर दूध (१,७००), डायपर १,६५०, डब्यातलं बाळाचं पीठ १,२००, गाडीचा हप्ता २,३००, पेट्रोल १,२००, गॅस ९००, दोन रिचार्ज ६०० आणि लाईटबिल ५००. अर्धा लिटर दूध मुलीला बाटलीने देते, अंगावरही पिते. वीस तारखेनंतर किराणा उधारीवर येतो. कुठे हात आखडता घेऊ?
– एक आई, जळगाव

ताई, तुम्ही आकडे लिहून पाठवले हे फार बरं केलं. बेरीज १८,५५० होते, म्हणजे दरमहा १,५५० रुपयांची तूट. तीच किराणा दुकानाच्या वहीत साठतेय. तुमच्या किराण्यात कापण्यासारखं काही नाही, त्याला हात लावू नका. पैसा गळतोय तो मुलीच्या नावावर होणाऱ्या तीन खर्चांत, आणि त्या तिन्हींतलं बरंचसं तिला लागतही नाही.

आधी दूध. एक वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून देऊ नये. त्यात लोह जवळपास नसतं आणि पोट मात्र भरतं, मग बाळ भाताला-वरणाला तोंड लावत नाही. बाटलीचं बूच नीट धुतलं गेलं नाही तर जुलाब ठरलेले. ही बाटली एका दिवसात तोडू नका. दर तीन-चार दिवसांनी एक वेळ कमी करा आणि त्या वेळेला आधी अंगावर घ्या. बाळ जितकं ओढेल तितकं दूध वाढतं. जोडीला दिवसातून तीनदा अर्धी वाटी घट्ट अन्न जायलाच हवं, नाहीतर दूध बंद करून उपयोग नाही. घरात अर्धा लिटर पुरतं. त्यातलंच थोडं दही किंवा खिमटीत चमचाभर दूध चालतं. महिन्याचे साधारण ८४० वाचले.

दुसरं, डब्यातलं पीठ. ते घरी करता येतं, फक्त क्रम चुकवू नका. अर्धा किलो नागली निवडून, चार-पाच पाण्यांनी धुऊन बारा तास भिजवा. पाणी काढून ओल्या सुती फडक्यात बांधा आणि दिवसभराने पाहा. उन्हाळ्यात २४ तासांत मोड दिसतात, थंडीत ३६ लागतात. फडकं सुकलं तर मोड थांबतात, फार ओलं राहिलं तर आंबूस वास येतो. वास आला की ती नागली टाकून द्या, भाजून वास जात नाही. पाव किलो अख्खे मूग आठ तास भिजवून तसेच मोड आणा. दोन्ही वेगवेगळं, वर पातळ कापड घालून, कडकडीत उन्हात दोन दिवस वाळवा. हाताने चोळून मोड पाखडा. मंद आचेवर वेगवेगळंच भाजा. नागली लवकर भाजते, मुगाला वेळ लागतो. एकत्र टाकलं की एक करपतं आणि दुसरं कच्चं राहतं, आणि कच्च्या मुगाने बाळाचं पोट फुगतं. गिरणीत देताना आधी मिरची दळलेली नाही ना ते विचारा. गव्हानंतर लावायला सांगा.

मोड आणायचा खटाटोप का, तर मोडाच्या पिठाची पेज लवकर घट्ट होत नाही. त्यामुळे त्याच अर्ध्या वाटीत जास्त पीठ मावतं आणि इवल्याशा पोटात जास्त ताकद जाते. दोन मोठे चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवा (गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात), मग वाटीभर पाणी घालून सात-आठ मिनिटं ढवळत शिजवा. वरून अर्धा चमचा तूप. गोडीला कुस्करलेलं केळं. वर्षाच्या आत मीठ, साखर, मध काही नको. दिवसातून दोनदा दिलं तर हे पाऊण किलो पीठ पंधरा दिवस जातं, आणि तेवढंच करावं. जास्त केलं की ओल धरतं. साठ-सत्तर रुपयांत होतं. तिसऱ्या वेळेला मुगाच्या डाळीची खिमटी किंवा उकडलेलं अंडं कुस्करून. रावेर-यावलचं केळं आपल्याकडे स्वस्त आणि सोपं, म्हणून अनेक घरांत दोन्ही वेळा केळंच दिलं जातं. ते जेवण नव्हे, वरकड आहे.

डब्याच्या पिठाची एक बाजूही सांगायला हवी : त्यात वरून लोह घातलेलं असतं, घरच्यात नसतं. म्हणून आशाताईंकडून लोहाचं औषध मागून घ्या. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत ते आठवड्यातून दोनदा, एक-एक मिली, फुकट मिळतं. अंगणवाडीत नाव नोंदवलं तर सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहारही मिळतो. भाड्याने राहता म्हणून नोंद होत नाही, असं काही नाही. पीठ, अंडी, तूप धरून २५० रुपये लागले तरी ९५० वाचतात.

आता डायपर. पूर्ण बंद करा असं आम्ही म्हणणार नाही, रात्रीची झोप मोडली तर दुसऱ्या दिवशी घर चालत नाही. रात्री एक आणि बाहेर जाताना एक, महिन्याला ४५ धरा. तुमच्या हिशोबाने एक अकरा रुपयांना पडतो, म्हणजे ५०० रुपये. बाकी वेळ लंगोट. चार मीटर लांब आणि ११० सेंमी पन्ह्याच्या जुन्या धोतरातून ५५ सेंमीचे १४ चौकोन निघतात, दुपदरी शिवले तर सात लंगोट. अशी तीन धोतरं किंवा तेवढंच जुनं सुती कापड पुरतं. लंगोटाने पुरळ येते ही तक्रार खरी आहे, पण दोष बहुतेक वेळा कापडाचा नसून धुण्याचा असतो. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. वडीचा साबण त्यात फुटतो आणि चिकट थर धाग्यात बसतो. कापड कडक होतं, पाणी शोषत नाही आणि कातडीला घासतं. म्हणून वडीऐवजी थोडी पावडर वापरा. शी आधी गार पाण्यानेच काढा, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग गरम पाण्यात पावडर घालून अर्धा तास भिजवा आणि फेस दिसेनासा होईपर्यंत खळबळा. शेवटचं पाणी नळाचं असलेलं बरं. मऊपणासाठीचं सुगंधी पाणी नको, त्याने शोषण कमी होतं. आषाढ-श्रावणात लंगोट वाळत नाहीत, त्या दोन महिन्यांत डायपर वाढतील हे आधीच धरून ठेवा. वाचले १,१५०.

एकूण २,९४०. तूट भरून १,३९० उरतात. पहिले काही महिने ते सगळे दुकानदाराच्या उधारीत जाऊ द्या. उधारी असली की माणूस दुसऱ्या दुकानात भाव विचारायला जात नाही. उधारी फिटली की ५०० रुपये औषधपाण्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवा. आणि मुलीचं नाव रेशनकार्डात चढवलं का? प्राधान्य कार्ड असेल तर माणशी पाच किलो धान्य फुकट आहे. जन्मदाखला घेऊन पुरवठा शाखेत अर्ज करा.

प्रश्न : चोपडा तालुक्यात चार एकर कोरडवाहू कपाशी. दिवाळीपासून पौषापर्यंत मिळून १ लाख ४० हजार येतात, पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरात काही नसतं. घरात आईवडील, आम्ही दोघं आणि दोन वर्षांचा मुलगा. महिन्याचं बजेट कसं करायचं, जर पैसा महिन्याने येतच नाही?
– एक शेतकरी

भाऊ, तुम्हाला महिन्याचं बजेट चालणारच नाही. पैसा वेचणीला येतो, तेव्हा हिशोबही वेचणी ते वेचणी करायचा.

पहिलं सोसायटीचं पीककर्ज. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज सवलतीमुळे ते शून्य टक्क्याने पडतं. मुदत चुकली की सवलत गेली. ५०,००० कर्जाचे धरू. पुढच्या हंगामाचं बियाणं-खत २५,०००, हे आताच बाजूला. उरले ६५,०००. धान्य-डाळीला १२,०००. राहिले ५३,०००, जानेवारी ते ऑक्टोबर दहा महिन्यांसाठी.

हे सारखे वाटू नका. जून ते सप्टेंबरात निंदणी-फवारणीची मजुरी असते, म्हैस असली तर पेंड महागते, आणि पावसाळ्यात लेकरू आजारी पडतं. त्या चार महिन्यांना ६,५०० आणि बाकी सहा महिन्यांना ४,५००, असे ५३,००० बरोबर होतात. पैसा एकाच बचत खात्यात ठेवला तर तो राहत नाही, कोणीतरी मागायला येतंच. बँकेत दहा छोट्या मुदतठेवी करा, एकेकीची मुदत एकेका पुढच्या महिन्यात संपणारी. मोडता येतात, पण मोडायला बँकेत जावं लागतं, आणि तेवढ्याने निम्म्या अडचणी टळतात. ‘पैसे ठेवीत अडकलेत’ हे पाहुण्यांना सांगताना खोटंही बोलावं लागत नाही. पीएम किसानचे आणि नमो शेतकरीचे मिळून वर्षाचे १२,००० येतात, ते फक्त दवाखान्यासाठी.

धान्याचा अंदाज असा : मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३३० ग्रॅम, चार माणसांचं वर्षाला पाच क्विंटलच्या आत. प्राधान्य कार्डावर पाच जणांचे तीन क्विंटल येतात. म्हणजे दोन क्विंटल दादर (रब्बी ज्वारी) आणि तीसेक किलो तूरडाळ भरली की झालं. दादर उन्हात दोन दिवस पातळ पसरा. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे, दबला तर अजून ओल आहे. वाळली की रात्रभर गार होऊ द्या, मगच कोठीत भरा. गरम धान्य भरलं की आतून घाम धरतं आणि महिन्यात जाळी लागते. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थराथराने घाला, डाळीला एरंडेल चोळा.

आणि एक गोष्ट ठणकावून : धान्यात टाकायची विषारी गोळी राहत्या घरात अजिबात नको. ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो. तो दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीतही जातो, आणि लहान मूल सगळ्यात आधी दगावतं. त्यावर उतारा नाही. गोळीचा डबा गोठ्यातही मुलाच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

प्रश्न : खासगी दवाखान्यात ‘न दुखणारी’ लस घ्या म्हणतात, एका वेळेला तीन हजार. सरकारी लस कमी प्रतीची असते का?
– भुसावळ

नाही. सरकारी लशीत डांग्या खोकल्याचे अख्खे मृत जंतू असतात, म्हणून एक-दोन दिवस ताप येतो, मांडी सुजते. महागड्या लशीत तो त्रास कमी असतो, संरक्षण दोन्हींनी मिळतं. रोटाव्हायरस आणि न्यूमोनियाची (पीसीव्ही) लसही आता सरकारी केंद्रात फुकट आहे. टायफॉईड किंवा कांजिण्यांची लस मात्र तिथे मिळत नाही, परवडेल तेव्हा ती डॉक्टरांना विचारून घ्या. एखादा डोस राहिला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेलाच पुढे द्यायचा.

प्रश्न : मुलाचं जाऊळ कुलदैवताला काढायचं आहे. भावकी मोठी, वरणबट्टीचं जेवण द्यावं लागेल. फायनान्सवाले ३०,००० देतात, १२ टक्के म्हणतात, आठवड्याचा हप्ता. बचत गटातून घेऊ की हे?
– पारोळा

ते १२ टक्के सरसकट आहेत. म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पूर्ण ३०,००० वरच, वर्षाचे ३,६००. आठवड्याला सुमारे ६४६ रुपये, ५२ आठवडे. उरलेल्या मुद्दलावर मोजलं तर हा दर २२-२३ टक्के पडतो. शिवाय प्रक्रिया शुल्क आणि विमा आधीच कापतात, हातात ३०,००० येतच नाहीत.

गटाचा दर विचारा, नुसतं ‘गट स्वस्त’ धरून चालू नका. महिना एक टक्का, उरलेल्या मुद्दलावर आणि बारा हप्ते असतील तर व्याज १,९५०. दोन टक्के असेल तर ३,९००, म्हणजे फायनान्सपेक्षाही जास्त.

पण आमचं मत विचाराल तर जेवणासाठी कर्ज कोणाचंच नको. जाऊळ देवाला द्यायचं, ते पाच माणसांत होतं. भावकीला पुढे कपाशी विकल्यावर बोलवा. नावं ठेवणारे बट्टी खाऊनही तूप कमी होतं म्हणतात.

प्रश्न : मुलगी २०२४ ची. सुकन्याचं खातं काढू की आधी लेक लाडकीचा अर्ज करू?
– साक्री

लेक लाडकी आधी, कारण तिथे तुम्हाला भरायचं काही नाही. पिवळं किंवा केशरी कार्ड, वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत आणि मुलगी १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतरची असेल तर जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ वर्षांची झाल्यावर ७५,००० मिळतात. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे द्या, सोबत जन्मदाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार आणि बँक पासबुकाची प्रत.

सुकन्या चांगलीच आहे, वर्षाला २५० रुपयांतही चालू राहते. पण त्यातला पैसा शिक्षणासाठी काढायचा तर मुलगी १८ वर्षांची किंवा दहावी पास व्हावी लागते. म्हणून दवाखान्यासाठी हाताशी दहा-पंधरा हजार जमेपर्यंत सुकन्यात वर्षाचे २५०च भरा. खातं मुलीच्या दहा वर्षांपर्यंत कधीही काढता येतं.